वॉर्डात पेशंट अचानक भरकटतो तेव्हा: नवीन इंटर्न आणि रेसिडेंटसाठी

नागपुरातलं मेडिकल असो, मेयो असो की मिहानचं एम्स, मेडिसिन किंवा ऑर्थोच्या वॉर्डात ड्युटी लागली की पहिल्या काही रात्रींतच हा फोन येतो: 'सर, बेड अकराचे बाबा सलाईन उपटून राहिले, काही बी बोलून राहिले, काहीतरी लिहून द्या.' या 'काहीतरी'चा अर्थ झोपेचं इंजेक्शन. फोनवर ते लिहून देऊ नका. त्या बाबांची शुगर ४० असू शकते, ऑक्सिजन ८२ असू शकतो, मूत्राशय फुगून बेंबीपर्यंत आलेलं असू शकतं, नाहीतर डोक्यात रक्त साचत असेल. झोपवल्यावर यातलं काहीच दिसत नाही. सकाळच्या राउंडला 'रात्री शांत झोपले' अशी नोंद मिळते आणि पेशंट उठत नाही.

डेलिरियम हे मेंदूचं तातडीचं बिघडणं आहे. तासा-दोन तासांत किंवा दोन-चार दिवसांत सुरू होतं, दिवसात कमी-जास्त होतं, त्यात लक्ष टिकत नाही, आणि मागे जवळजवळ नेहमीच शरीरातलं कारण असतं. एकच कारण सापडलं म्हणून थांबू नका. म्हाताऱ्या पेशंटमध्ये सहसा तीन-चार एकत्र असतात: थोडं निर्जलीकरण, थोडं इन्फेक्शन, एक नको असलेलं औषध आणि तीन दिवस न झालेली संडास.

बेडजवळची पहिली पाच मिनिटं

जाताना ग्लुकोमीटर आणि पल्स ऑक्सिमीटर हातात घेऊन जा, सिस्टरला आणायला पाठवण्यात वेळ जातो. शुगर ७० च्या खाली असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली द्या, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज जातं. दारू पिणारा किंवा कुपोषित पेशंट असेल तर सोबत थायामिन द्या, पण थायामिन शोधण्यासाठी साखर थांबवू नका. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्याची शुगर एकदा वर आली म्हणून समाधान मानू नका, ती पुन्हा पडते. किडनी खराब असेल तर पडतच राहते. १० टक्के डेक्स्ट्रोज चालू ठेवून दर तासाला शुगर बघा आणि किमान २४ तास नजरेखाली ठेवा. एक बारीक गोष्ट: संत्रं सोललेल्या बोटातून घेतलेली शुगर खोटी वाढलेली येते. नागपुरात हिवाळ्यात प्रत्येक बेडवर संत्र्यांची पिशवी असते, तेव्हा आधी बोट पाण्याने धुवा. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबू नका.

श्वास पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून, स्वतः मोजा. चार्टवर सगळ्यांचा श्वास '१८' लिहिलेला असतो, त्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. जुना सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेला) पेशंट मास्कवर १० लिटर ऑक्सिजन घेऊन ९९ टक्के दाखवत सुस्त पडला असेल, तर आकडा चांगला आणि पेशंट धोक्यात. कार्बन डायऑक्साइड साचतोय. ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांवर आणा, बंद करू नका, आणि एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठवा.

मग बीपी, ताप, जीसीएस (शुद्धीचा स्कोअर), बाहुल्या, मान कडक आहे का, आणि दोन्ही हात-पाय सारखे उचलतो का. इथे एक सापळा आहे. पेशंट सलग, अर्थहीन, भराभर बोलतो आणि सांगितलेलं काहीच करत नाही, पण डोळे मिटत नाहीत, चेहरा जागा आहे. अशा वेळी पेन आणि घड्याळ दाखवून नाव विचारा, 'डोळे मिटा' सांगा. भाषाच गेलेली असेल तर तो डेलिरियम नसून स्ट्रोक असू शकतो, आणि रक्ताची गाठ विरघळवायच्या इंजेक्शनसाठी सुरुवातीपासून साडेचार तासच मिळतात.

शेवटी ओटीपोटावर हात ठेवा. लघवी अडकलेला म्हातारा बोलू शकत नाही, तो फक्त बेडवरून उतरायला बघतो. प्रॉस्टेटचा त्रास असलेल्या माणसाला रात्री अ‍ॅविल (अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन) दिलं की पहाटेपर्यंत हे चित्र तयार होतं.

लक्ष तपासा, स्मरणशक्ती नंतर

नवीन मुलं 'टाइम, प्लेस, पर्सन' विचारून मोकळी होतात. डेलिरियमचा गाभा म्हणजे न टिकणारं लक्ष. तारीख चुकणं दवाखान्यात आठ दिवस पडलेल्या कुणाचंही होतं. ४एटी ही तपासणी दोन-तीन मिनिटांची आहे आणि वेगळं प्रशिक्षण लागत नाही. चार भाग:

सतर्कता: साधी असेल तर ०. हाक मारून, खांद्याला हात लावूनही स्पष्ट सुस्त किंवा स्पष्ट अस्वस्थ असेल तर ४.
वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष: सगळं बरोबर ०, एक चूक १, दोन किंवा जास्त चुका २.
महिने डिसेंबरपासून उलटे: सात किंवा जास्त बरोबर ०, सुरुवात केली पण सातपर्यंत पोचला नाही किंवा नकार दिला तर १, तपासताच येत नसेल तर २.
अचानक बदल किंवा चढउतार: असेल तर ४.

बेरीज ४ किंवा जास्त आली की डेलिरियम धरून चालायचं. १ ते ३ म्हणजे जुना स्मृतिभ्रंश असू शकतो, नीट माहिती घ्या.

आता आपल्याकडची अडचण. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या खेड्यातून आलेल्या आजीला जन्मतारीख कधीच माहीत नव्हती, आधार कार्डावर १ जानेवारी टाकलेली असते. ती चूक मेंदूच्या खात्यात धरू नका, घरच्यांना विचारून ठरवा. इंग्रजी महिने येत नसतील तर चैत्र-वैशाख उलटे चालतील, तेही नसतील तर वार उलटे: रविवार, शनिवार, शुक्रवार. फक्त केस पेपरवर काय विचारलं ते लिहा, म्हणजे उद्याचा माणूस तेच विचारेल आणि तुलना होईल. काळाचं भान बघायचं तर 'पोळा झाला का?', 'संक्रांत गेली की यायची आहे?' हे जास्त कामाचं. छिंदवाडा, बालाघाटचे पेशंट हिंदी बोलतात, दक्षिण गडचिरोलीचे काही गोंडी किंवा माडिया. मराठी भाषाच न कळणं आणि डोकं चालत नसल्याने न समजणं यातला फरक नातेवाइकाला सोबत बसवूनच कळतो.

आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी कॅम-आयसीयू वापरतात. दहा अक्षरं एकेक करून म्हणायची, 'ए' आलं की हात दाबायचा, दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष नाही. अक्षर ऐकायचं असतं, वाचायचं नसतं, म्हणून निरक्षर पेशंटलाही जमतं. हाक मारूनही हालचाल नसेल, म्हणजे रास (जागेपणा आणि गुंगी मोजायची पट्टी) उणे ४ किंवा ५ असेल, तर ही तपासणी होत नाही. सेडेशन उतरल्यावर करा.

नातेवाइकाला विचारायचे प्रश्न मोजकेच, पण नेमके: 'आठ दिवसांआधी घरी कसे होते? स्वतः संडासला जात होते? पैशाचा हिशेब करत होते? हे असं कधीपासून?' जो रोज सोबत राहतो त्याला विचारा. काल पुण्याहून उतरलेला मुलगा 'बाबा एकदम फिट होते' सांगतो, आणि सून सांगते की दोन वर्षांपासून रस्ता चुकतात. सून बरोबर असते.

गप्प पडलेला पेशंट

आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. खरी गफलत शांत डेलिरियममध्ये होते. खुब्याचं हाड मोडलेली आजी, ऑपरेशनचा दुसरा दिवस, हाक मारली की 'हो' म्हणते, परत डोळे मिटते, ताट तसंच. नोट्समध्ये 'कॉन्शस, को-ऑपरेटिव्ह' लिहिलेलं असतं, किंवा कुणीतरी डिप्रेशन समजून सायकियाट्रीचा रेफरन्स टाकतो. रोजच्या राउंडला साठीच्या पुढच्या प्रत्येकाला वार उलटे विचारायची सवय लावली तर हे पेशंट सापडतात. अर्धा मिनिट लागतो.

सायकियाट्रीबद्दल एक ठोकताळा: आधी कधीच मानसिक आजार नसलेल्या पन्नाशीपुढच्या माणसाला भिंतीवर किडे, खिडकीत माणसं दिसायला लागली तर कारण शरीरात शोधा. दिसणारे भास बहुतेक वेळा तिकडेच बोट दाखवतात.

ट्रीटमेंट शीट आणि घरची औषधांची पिशवी

तपासण्या पाठवल्या की लगेच ट्रीटमेंट शीट पहिल्या दिवसापासून वाचा. रिपोर्टपेक्षा उत्तर इथे जास्त वेळा मिळतं. अ‍ॅविल आणि फेनर्गन आपल्या वॉर्डात पाण्यासारखी वापरली जातात: रक्त चढवण्याआधी, खाज आली म्हणून, झोप येत नाही म्हणून. दोन्ही म्हाताऱ्या मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीनचं काम अडवतात. पॅसिटेन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, डायसायक्लोमिन, हायड्रॉक्सिझिन त्याच रांगेतली. ऑर्थो-सर्जरीत ट्रामाडॉल आणि पेंटाझोसिन ही वेदनेची औषधंही गोंधळ घालतात. क्रिएटिनिन वाढलेल्या पेशंटला पूर्ण डोसमध्ये सेफेपाइम चालू असेल आणि दोन-चार दिवसांनी तो झटके देत बडबडू लागला, तर सेफेपाइमवर संशय घ्या. बॅक्लोफेनचंही तसंच, डायलिसिसवरच्या पेशंटला कंबरदुखीसाठी दिलेल्या दोन-तीन गोळ्यांनी तो बेशुद्ध होऊ शकतो.

उलट बाजूही बघा: काय बंद झालं? घरी दहा वर्षं रोज रात्री अल्प्राझोलामची झोपेची गोळी घेणारी बाई भरती होते, कुणी विचारत नाही, आणि तीन दिवसांनी थरथरते. म्हणून घरच्या औषधांची पिशवी प्रत्यक्ष मागवा, चिठ्ठी नको. पिशवीत टेल्मिसार्टनसोबत थायाझाइड असलेली एकत्रित गोळी सापडली तर सोडियम पाठवा. उन्हाळ्यात लोक ती गोळी घेतात, भरपूर साधं पाणी पितात, जेवण कमी करतात, आणि सोडियम ११२ घेऊन येतात. झटका किंवा बेशुद्धी असेल तर ३ टक्के सलाईन १०० ते १५० मिली, १० ते २० मिनिटांत. त्यानंतर घाई नको: २४ तासांत ८ ते १० च्या वर चढवू नका, दारू पिणाऱ्या, कुपोषित किंवा पोटॅशियम कमी असलेल्या पेशंटमध्ये ८ हीच मर्यादा. जास्त वेगाने चढवलं तर पेशंट आधी सुधारतो आणि काही दिवसांनी हात-पाय, बोलणं, गिळणं जातं.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) विचारायला विसरू नका. दिवसाला आठ-दहा पुड्या खाणारा माणूस भरती झाला की निकोटिन एकदम तुटतं, तो चिडतो, झोपत नाही, फिरत राहतो. मात्र सगळं खर्र्यावर ढकलू नका. बाकी कारणं तपासून झाल्यावरच.

विदर्भात वेगळं काय शोधायचं

मे महिन्यात, विशेषतः नवतपात (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस), तापलेला आणि भरकटलेला पेशंट आला तर गुदद्वारातून तापमान घ्या. काखेचं फसवतं. ४० सेल्सियसच्या वर आणि मेंदूची गडबड म्हणजे उष्माघात, घाम असला तरी. सीटीला नेण्याआधी थंड करा: कपडे काढा, अंगावर पाणी मारा, जोरात पंखा लावा, मान-काख-जांघेत बर्फ. नागपूरची मेमधली हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी आणि पंखा इथे चांगलं काम करतात. पावसाळी दमटपणात तेवढं नाही. ३८.५ ते ३९ ला थांबा. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. पॅसिटेन किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असलेल्याला उष्माघात लवकर होतो, तेही विचारा.

पावसाळा संपता संपता गडचिरोली-गोंदियाकडून ताप आणि बेशुद्धी घेऊन आलेल्याची मलेरियाची स्लाइड आणि रॅपिड टेस्ट लगेच. फाल्सिपेरम गंभीर असेल तर आर्टेसुनेट २.४ मिलीग्रॅम प्रति किलो शिरेतून: ०, १२, २४ तासांना आणि मग रोज. त्याच दिवसांत स्क्रब टायफस येतो. काळी खपली काखेत, जांघेत, स्तनाखाली, कानामागे शोधा, टॉर्च घेऊन, कपडे सरकवून. संशय पक्का असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. मान कडक असेल तर लंबर पंक्चरचा (कण्यातून पाणी काढून तपासायचा) विचार आधी.

कापूस-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाच्या विषबाधेचे पेशंट अ‍ॅट्रोपिनच्या ड्रिपवर असतात. तिसऱ्या तासाला किंवा दुसऱ्या दिवशी असा पेशंट हवेत काहीतरी वेचू लागला, अंग तापलं, तोंड कोरडं, पोटात आवाज नाही, लघवी अडकली, तर अ‍ॅट्रोपिन जास्त झालंय. ड्रिप थांबवा, दर अर्ध्या तासाला बघा, शांत झाल्यावर आधीच्या वेगाच्या ७० ते ८० टक्क्यांवर सुरू करा. नुसत्या मोठ्या बाहुल्या बघून अ‍ॅट्रोपिन कमी-जास्त करणं चूक. छाती, नाडी, बीपी, काखेचा घाम हे मोजमाप. आणि असा पेशंट एक ते चार दिवसांत अचानक 'शांत' झाला तर उशीवरून मान उचलायला सांगा. उचलत नसेल तर श्वासाचे स्नायू जात आहेत, व्हेंटिलेटर तयार ठेवा.

दारूचं वेळापत्रक पाठ हवं. शेवटच्या प्यालानंतर ६ ते २४ तासांत थरथर, ६ ते ४८ मध्ये झटके, ४८ ते ९६ मध्ये पूर्ण डेलिरियम: घाम, धावणारी नाडी, ताप, भास. ऑर्थोत मांडीचं हाड मोडलेला पेशंट तिसऱ्या रात्री पलंगाखाली साप बघतो तो बहुतेक हाच. पेशंट 'कधीमधी' म्हणतो, बायकोला बाजूला घेऊन विचारा, मोहाची की देशी, रोज किती. इथे मुख्य औषध बेंझोडायझेपिन (अल्प्राझोलामच्याच गटातलं): लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम २ मिलीग्रॅम, प्रतिसाद बघून पुन्हा. नुसतं हॅलोपेरिडॉल (शांत करायचं अँटिसायकोटिक औषध) झटके वाढवू शकतं. डोळे नीट फिरत नसतील किंवा तोल जात असेल तर थायामिन ५०० मिलीग्रॅम १०० मिली सलाईनमध्ये अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा. १०० मिलीग्रॅमच्या नेहमीच्या डोसने हे सुटत नाही.

लिव्हरच्या पेशंटमध्ये हात पसरून फडफड बघा. लॅक्टुलोज ३० मिलीपासून, दिवसाला दोन-तीन मऊ संडास होतील इतकंच. आठ-दहा जुलाब झाले तर पाणी जाऊन सोडियम वाढतं आणि गोंधळ पुन्हा वाढतो, मग कुणीतरी लॅक्टुलोज अजून वाढवतं.

युरिनमध्ये पस सेल्स दिसले की शोध थांबवायचा मोह होतो. म्हातारपणी, विशेषतः कॅथेटर असलेल्यांत, लघवीत जंतू असणं फार सामान्य आहे. ताप नाही, जळजळ नाही, तर बाकी कारणं शोधत राहा. सीटी स्कॅन सगळ्यांना नको, यातलं काही असेल तरच: पडल्याचा इतिहास, रक्त पातळ करायचं औषध, एका बाजूची कमजोरी, घसरणारा जीसीएस, किंवा काहीच कारण न सापडणं. महिन्यापूर्वीचं पडणंसुद्धा मोजा. सीटी नॉर्मल आणि पेशंट तरी अधूनमधून शून्यात बघतो, पापणी किंवा ओठ फडफडतो, तर छुपे झटके शोधायला ईईजी (मेंदूचा विद्युत आलेख) मागा.

औषध द्यायचंच झालं तर

पेशंट स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल, किंवा जीव वाचवणारी नळी उपटेल, तरच. कोणतंही अँटिसायकोटिक डेलिरियम लवकर बरं करत नाही. २०१८ मध्ये आलेल्या आयसीयूतल्या माइंड-यूएसए अभ्यासात हॅलोपेरिडॉलने काहीच फरक पडला नाही. हॅलोपेरिडॉल द्यायचंच तर म्हाताऱ्यांत ०.२५ ते ०.५ मिलीग्रॅम, जमलं तर तोंडाने. अँप्यूल ५ मिलीग्रॅमचं असतं आणि ते फोडलं की अख्खं दिलं जातं, म्हणजे दहापट डोस. १ मिलीच्या ट्युबरक्युलिन सिरिंजमध्ये ०.१ मिली ओढा, ते ०.५ मिलीग्रॅम. अर्धा ते एक तास थांबा, मगच पुन्हा. २४ तासांत ३ मिलीग्रॅमच्या आत ठेवा. आधी ईसीजी: क्यूटीसी (ईसीजीवरचं एक अंतर) ५०० मिलीसेकंदाच्या वर असेल तर नाही. पार्किन्सनच्या पेशंटला हॅलोपेरिडॉल आणि मेटोक्लोप्रामाइड दोन्ही बंद, गरज पडली तर क्वेटियापिन १२.५ मिलीग्रॅम. दारू, अल्प्राझोलाम तुटणं आणि झटके सोडले तर बेंझोडायझेपिन गोंधळ वाढवतात.

हात बांधणं शेवटचा उपाय. बांधलेला माणूस जास्त झगडतो, पडतो, आणि बेडसोर होतात. त्यापेक्षा आधी विचारा की ही नळी हवी आहे का. कॅथेटर, रात्रीची सलाईन, नाकातली नळी यातली निदान एक बहुतेक वेळा काढता येते.

औषधाविना जे होतं

१९९९ साली हेल्प नावाच्या कार्यक्रमाचा ८५२ म्हाताऱ्या पेशंटचा अभ्यास आला. चष्मा, कानाचं यंत्र, पाणी, चालवणं, झोप आणि कुठे आहोत याची आठवण देणं एवढ्यावरच डेलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. परदेशात यासाठी स्वयंसेवक ठेवतात. आपल्याकडे बेडखाली चादर टाकून झोपलेला नातेवाईक फुकट आहे आणि आपण त्याला 'गर्दी करू नका' म्हणून हाकलतो. पास एकाचा असेल तर तो रोज राहणाऱ्याचाच करा. त्याला काम द्या: चष्मा आणि कवळी घरून आणायची, दिवसा खिडकीकडे तोंड करून बसवायचं, तीन वेळा खुर्चीत किंवा बेडभोवती चालवायचं, दर दोन तासांनी विचारून पाणी द्यायचं, 'दवाखान्यात आहोत, हाड मोडलं म्हणून, मी इथेच आहे' हे शांतपणे सांगत राहायचं. वाद घालायचा नाही.

आपल्या बाजूने रात्री १० ते पहाटे ५ मधले डोस शक्य तितके सरकवा. दोन वाजताचं इंजेक्शन बहुतेक वेळा सवयीने लिहिलेलं असतं. संडास रोज विचारा, तीन दिवस झाली नसेल तर बोटाने तपासा. वेदना असेल तर पॅरासिटामॉल नियमित द्या, 'मागेल तेव्हा' लिहू नका, कारण हा पेशंट मागत नाही.

घरचे 'बाहेरचं लागलं' म्हणतात तेव्हा हसू नका आणि भाषणही नको. 'आजाराने मेंदूवर ताण आलाय, कारण शोधतोय, बहुतेक उतरतं, पण काहींना आठवडे लागतात' इतकं पुरेसं. अंगारा कपाळाला लावू द्या, पोटात काही देऊ देऊ नका.

नोट्समध्ये 'कन्फ्यूज्ड' एवढंच लिहू नका. '४एटी ७, वार उलटे तीनपर्यंत, सकाळी ८ ला बरोबर होता' असं लिहा. डिस्चार्ज कार्डावर डेलिरियम झाल्याची नोंद हवीच, कारण पुढच्या भरतीत तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त. आणि वॉर्डात सुरू केलेलं हॅलोपेरिडॉल किंवा क्वेटियापिन कार्डावर उतरतंय का ते सही करण्याआधी बघा. एकदा उतरलं की गावातलं मेडिकल स्टोअर ते वर्षभर देत राहतं. थांबवा, किंवा थांबवायची तारीख लिहा, आणि दोन-तीन आठवड्यांनी ओपीडीत बोलावून वार पुन्हा उलटे विचारा.